प्लेगच्या माळावर शेवटपर्यंत : सावित्रीबाईंच्या आयुष्यातलं कमी सांगितलं जाणारं पान

१० मार्च : स्मृतिदिन विशेष

भंडारा : दरवर्षी ३ जानेवारीला आपल्या जिल्ह्यातल्या शाळाशाळांत सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते. मुली नऊवारी नेसून येतात, भाषणं होतात, भिडे वाड्यातली शाळा आणि अंगावर फेकलेलं शेण-चिखल यांची आठवण काढली जाते. १० मार्चचा स्मृतिदिन मात्र त्या मानानं शांतपणे जातो. सावित्रीबाई कशानं गेल्या, हे विचारलं तर अनेकांना चटकन सांगता येत नाही. त्या १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्लेगनंच गेल्या. वय होतं ६६.

आज गावोगावी वृद्धाश्रम, वसतिगृहं, आश्रमशाळा आहेत. एका छताखाली अनेक माणसं राहतात. अशा ठिकाणी साथ शिरली तर काय करायचं, याचा विचार करताना सावित्रीबाईंचं हे शेवटचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे.

छत देणारी बाई

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी लग्न झालं. नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या. या कामापायी जोडप्याला सासरचं घर सोडावं लागलं. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

त्यांच्या आयुष्याचा दुसरा धागा म्हणजे निराधारांना घरात घेणं. १८६३ मध्ये फुले दांपत्यानं बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं असेल तर ठेवून जावं, अशी सोय होती. या बायांची बाळंतपणं आणि तान्ह्या लेकरांचं संगोपन यांचा भार सावित्रीबाईंवर होता. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत. पुढे त्याला डॉक्टर केलं.

१८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक कार्यकर्त्यांसोबत त्या अन्नछत्रांच्या कामात उतरल्या, जुन्नर-ओतूर भागात फिरल्या. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत पुढे टिटवं धरून सावित्रीबाई चालल्या. त्यानंतरही त्या घरात बसल्या नाहीत. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं.

म्हणजे प्लेग आला तेव्हा आजारी, भुकेल्या, टाकून दिलेल्या माणसांना सांभाळण्याचा तीसेक वर्षांचा अनुभव या बाईच्या गाठीशी होता.

गाठीचा ताप आणि त्याहून मोठी भीती

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. काखेत, जांघेत गाठ यायची, तडफडून ताप यायचा आणि काही दिवसांत माणूस जायचा. काही महिन्यांत साथ पुण्यात पोचली.

त्या वेळी या रोगावर औषध नव्हतं. रोगाचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदराच्या पिसवांमधून माणसापर्यंत येतो, हे १८९८ मध्ये कराचीत काम करणाऱ्या सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं. मुंबईत हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, पण ती गावोगावी पोचायला वेळ होता.

सरकारकडे मुख्य उपाय एकच होता, रोग्याला वेगळं काढणं. उपाय चुकीचा नव्हता. पण तो जबरदस्तीनं राबवला जायचा. घरच्या माणसाला उचलून नेतात आणि ते परत येत नाही, अशी दहशत बसली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावरच हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारनं साथरोग कायदा केला. २०२० मध्ये कोरोनात आपल्या राज्यात लागू झाला तो हाच कायदा. पुण्यात रँड हे प्लेग कमिटीचे प्रमुख झाले आणि मार्च महिन्यात सोल्जर घरात शिरून झडत्या घेऊ लागले. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. या भीतीचा परिणाम असा की लोक रोगी लपवायचे. लपवलेला रोगी घरातल्या सगळ्यांना धोक्यात घालायचा.

सासाणे मळ्यातला दवाखाना

अशा दिवसांत सावित्रीबाईंनी लष्करी सेवेत असलेल्या डॉ. यशवंतला बोलावून घेतलं. पुणे शहराच्या गर्दीबाहेर, हडपसरजवळ सासाणे मळ्यात दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथं आणायच्या, त्यांची देखभाल करायच्या.

इथं दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. रोग्याला वेगळं काढण्याचं काम त्याही करत होत्या. वस्तीतून बाहेर, मोकळ्या हवेत, जिथं बाकीच्यांना धोका कमी. पण त्या रोग्याला न्यायला आपलं माणूस म्हणून येत होत्या. ज्या वस्त्यांमध्ये एरवी कुणी पाऊल ठेवत नव्हतं, तिथं त्या जात होत्या. त्यामुळे लोक आपला आजारी माणूस त्यांच्या हाती द्यायला तयार व्हायचे. सरकारी बंदोबस्ताला जे जमलं नाही ते यानं साधलं.

मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. त्या तिथं पोचल्या आणि मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आल्या. या धावपळीत त्यांनाही लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री सावित्रीबाईंनी देह ठेवला.

आपल्या जिल्ह्यासाठी यातून काय?

भंडारेकरांना विलगीकरण हा शब्द आता नवा नाही. २०२० च्या उन्हाळ्यात बाहेरगावाहून परतलेले मजूर जिल्हा परिषदेच्या शाळांत राहिले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला आणि कोरोना चालू असतानाच कितीतरी कुटुंबांना एकत्र निवाऱ्याला जावं लागलं. जिथं माणूस येऊन विचारपूस करत होता, वेळेवर जेवण देत होता, तिथं लोक राहिले. जिथं नुसतं कुलूप होतं, तिथून निघून जायची घाई होती. तुमच्या गावातलं आठवून पाहा.

वृद्धाश्रमात हे जास्तच लागू पडतं. म्हाताऱ्या माणसाला साथीच्या आजारात दरवेळी ताप येईलच असं नाही. आजोबा एकाएकी जेवेनासे झाले, गप्प पडले, काहीबाही बोलायला लागले, तरी तो आजाराचा इशारा असू शकतो. हे ओळखायला रोज जवळ बसणारं माणूस लागतं. एकाच आठवड्यात दोघा-तिघांना जुलाब, खोकला किंवा खाज सुरू झाली तर ती लपवायची बाब नाही, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायची बाब आहे. आजारी माणसाला वेगळी खोली आणि जमल्यास वेगळा संडास द्यावा. त्याचं करणारी व्यक्ती ठरलेली असावी, तिनं प्रत्येक वेळी साबणानं हात धुवावेत. अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. खरजेसारखा आजार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं सगळ्यांचा उपचार एकाच वेळी करावा, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे फेरा चालूच राहतो. आणि वेगळं ठेवलेल्या माणसाशी घरच्यांचं रोज फोनवर बोलणं करून द्यावं.

राहिली शेवटची गोष्ट, तीच सर्वांत महत्त्वाची. सावित्रीबाईंच्या मरणाचं आपण बलिदान म्हणून कौतुक करतो. ते योग्यच आहे. पण त्यांच्याजवळ मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, औषध नव्हतं आणि रोग कसा पसरतो याची माहितीही जगाला नव्हती. आज हे सगळं आहे. प्लेगवरसुद्धा वेळेत दिलं तर चालणारं औषध आहे. तरीही संस्थेत आजाऱ्याचं करणारी मावशी, संडास साफ करणारा भाऊ अनेकदा उघड्या हातांनीच काम करताना दिसतात. आपल्याला ताप आला तर पगार कापला जाईल म्हणून तसंच कामावर येतात, आणि साथ त्यांच्याबरोबर खोल्याखोल्यांत फिरते. सेवा करणाऱ्याला हातमोजे, लस आणि आजारपणाची भरपगारी सुट्टी देणं हा खर्च वाटत असेल, तर तो रोग्याच्याच संरक्षणाचा खर्च आहे, हे संस्थाचालकांनी समजून घ्यावं.

यंदा १० मार्चला फोटोला हार घालताना आपल्या तालुक्यातल्या एखाद्या वृद्धाश्रमात किंवा वसतिगृहात जाऊन एवढं जरूर विचारा : इथं कुणी आजारी पडलं तर त्याला ठेवायला वेगळी खोली आहे का, आणि त्याचं करणाऱ्या मावशीला हातमोजे मिळतात का?

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!