बाळूंचा डावा हात

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वणी भागातल्या खेड्यांत बैलांची खांदशेकणी होते. बैल धुऊन-पुसून गोठ्यात बांधला, की जिथे जू बसते त्या जागेवर हळद आणि लोणी चोळतात, पळसाच्या पानाने हलके शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्याला देतात. वर्षभर नांगर, वखर, डवरा ओढलेल्या खांद्याची ही विचारपूस. ट्रॅक्टर आले आणि गोठे ओस पडू लागले, तरी ज्यांच्या दारी जोडी आहे ती घरे हा रिवाज अजून पाळतात.

मी बँकेत अधिकारी असताना बैलजोडीच्या कर्जाची पाहणी करायला मोटरसायकलवर हिंडत असे. शहरी शाळेत शिकलेला माणूस. मला बैलाच्या शिंगांपलीकडे काही कळत नव्हते. रंगनाथस्वामींच्या यात्रेतल्या बैलबाजारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बैल पाहायला शिकवले. दात सगळेच पाहतात, पण आधी खांद्यावरून हात फिरवायचा, म्हणजे आधीचा मालक कसा होता ते समजते, असे त्याचे म्हणणे. खांदा आलेला बैल मुकाट चालतो, पण किती दिवस, हा प्रश्न असतो.

खांदा म्हटले की मला एक माणूस आठवतो. तो शेतकरी नव्हता, गोलंदाज होता. पळवणकर बाळू हे नाव जुन्या पिढीतल्या क्रिकेटवेड्यांना माहीत असेल, नव्यांनी निदान ऐकलेले असेल. हिंदुस्थानातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजातला. त्यांच्यावर लिहिताना लोक बहुधा जातीच्या अन्यायावर लिहितात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यांच्या डाव्या हाताविषयी लिहायचे आहे. तो हात कोणी, कधी, किती वापरला हे पाहिले, तर ती दुसरी गोष्टही आपोआप सांगून होते.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला झाला. मूळ गाव पळवण, त्यावरून आडनाव पळवणकर. वडील लष्करी नोकरीत, त्यामुळे कुटुंब पुण्याला आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्लबात, महिना ३ रुपये. काम मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, आणि सभासदांना सरावाला कोणी नसेल तेव्हा चेंडू टाकायचे. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगार ४ रुपये झाला. काम तेच, त्यात जाळ्या उभारणे आणि टेनिसची कोर्टे आखणे यांची भर पडली.

तिथल्या ट्रॉस नावाच्या एका साहेबाने या पोराला चेंडू टाकायला लावले. मग क्लबातल्या सर्वांत पट्टीच्या फलंदाजाचे लक्ष गेले. हे कॅप्टन ग्रेग, पुढे इंग्लंडात हॅम्पशायरकडून खेळलेले. इतरांच्या तासभर आधी येऊन ते बाळूंना गोलंदाजी करायला लावत. असे सांगतात, की बाळूंनी त्यांना बाद केले की दर वेळी ८ आणे मिळत. माझ्यातला बँकवाला लगेच आकडेमोड करतो: आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार वसूल. इतके घसघशीत प्रोत्साहन आम्हाला उभ्या नोकरीत मिळाले नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडावी लागते. ग्रेगसारख्याला एकदा बाद करायला किती चेंडू पडत असतील? ते चेंडू कोणी मोजले नाहीत. एक साहेब थकला की दुसरा बॅट घेऊन उभा राही, गोलंदाज मात्र तोच. आणि या सगळ्या वर्षांत बाळूंना तिथे बॅट कधी हाती मिळाली नाही. फलंदाजी ही साहेबांची, गोलंदाजी नोकराची. फलंदाज म्हणजे मालक आणि गोलंदाज म्हणजे गडी, ही समजूत आपल्या क्रिकेटमध्ये पुढेही बराच काळ रेंगाळली असे मला वाटते.

त्या शेकडो तासांनी हात झिजलाही असता. तो घडला. चेंडूला हवेत उंची देणे, तो दोन्हीकडे वळवणे, वेग नकळत बदलणे, हे सारे त्या जाळ्यांत साधले. संथ डावखुरी गोलंदाजी होती, लांबलचक धाव नव्हती, रोलर ओढून अंग कसलेले होते, म्हणून ती टिकली असावी. ही माझी अटकळ.

ग्रेगला बाद करणाऱ्याची कीर्ती शहरात पोचली आणि पुण्याच्या हिंदू क्लबापुढे पेच पडला. युरोपियनांना हरवायचे तर हा हात हवा, पण हाताबरोबर माणूसही येतो. क्लबातल्या तेलुगू सभासदांचा पाठिंबा, तर ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. शेवटी बाळू संघात आले. मैदानावर सर्वांनी एकाच चेंडूला हात लावायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या बोळक्यात. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने त्यांच्या फिरकीला धसकून आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून ती पार निर्जीव केली होती, तरी बाळूंनी ७ बळी घेतले. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सभेत त्यांचा गौरव केला, टिळकांनीही त्यांना हार घातला.

१८९६ मध्ये पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळ, असे आयुष्य सुरू झाले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. धाकटा भाऊ शिवरामही त्या संघात होता. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही हिंदूंकडून खेळले.

आता १९११ कडे येऊ. हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ त्या वर्षी इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय १९. त्याच उन्हाळ्यात लंडनला पंचम जॉर्जचा राज्याभिषेक होता. महाराज मेजवान्यांत आणि दरबारी भेटीगाठींत रमले. संघाबरोबर ते थोडेच दिवस राहिले, आणि त्यांच्या नोकरीतला मिस्त्री हा भरवशाचा फलंदाजही बहुतेक त्यांच्याच दिमतीला राहिला. उरलेल्यांनी जमेल तसे खेळायचे. १९११ चा तो उन्हाळा इंग्लंडातल्या विलक्षण कडक उन्हाळ्यांपैकी एक होता. एका गावी सामना, मग आगगाडीचा प्रवास, की दुसऱ्या गावी पुढचा सामना.

२३ सामने झाले. ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. आणि बाळूंनी बळी घेतले ११४, सरासरी १८.८४. त्यांतले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. लिस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११, आणि तो प्रथम श्रेणीतला त्या दौऱ्यावरचा पहिला विजय. सॉमरसेटला हरवले तेव्हा शिवरामने शतक ठोकले. सरासरीला बळींनी गुणा: बाळूंनी दिलेल्या धावा २,१०० च्या पुढे जातात. इतक्या धावा देईपर्यंत किती षटके टाकावी लागली असतील, हे वाचकांनीच मनाशी धरावे. वय ३५. कप्तानाला दुसरा उपाय दिसला नाही, की शोधावासा वाटला नाही? संघात एक हात चालतो आहे ना, मग तोच चालवा, असे झाले असावे.

हे सोपे असते, हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या एका शाखेत आम्ही कर्मचाऱ्यांचा संघ काढला होता आणि वयाच्या मानाने कप्तानपद माझ्याकडे आले. तहसील कचेरीशी सामना ठरला. आमच्याकडे रोजंदारीवर पाणी भरणारा, खातेवह्यांचे गठ्ठे वाहणारा एक मुलगा होता. चेंडू फार सुरेख टाकी. मी एका बाजूने त्यालाच लावले. दुसऱ्या बाजूने आम्ही अधिकारी आलटून पालटून हात साफ करत होतो. तो थांबवा म्हणाला नाही, मी विचारले नाही. फलंदाजीत त्याला अकरावा ठेवला होता, त्याची पाळीच आली नाही. आम्ही जिंकलो आणि रात्री भजी खाल्ली. सोमवारी त्याला नाण्यांची थैली उचलता येईना. उजवा हात खांद्यातून वर जात नव्हता. त्या दिवसाची त्याची रोजी मी कापू दिली नाही, एवढेच पुण्य. पण रविवारी त्याच्या हातून चेंडू काढून घ्यायला हवा होता, हे मला सुचले नव्हते.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, आपल्या क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ. त्यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि त्याला कधी उतरवायचे, कधी बाहेर बोलवायचे हे संघाचा मॅनेजर ठरवतो. तिथे ही गोष्ट फार उशिरा समजली. सँडी कोफॅक्स हा त्यांचा अफाट डावखुरा पिचर. कोपराच्या संधिवाताने १९६६ मध्ये, तिशीतच, त्याने खेळ सोडला. १९७४ मध्ये टॉमी जॉन या दुसऱ्या डावखुऱ्याच्या कोपराचा अस्थिबंध तुटला, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच उजव्या हातातला स्नायूचा दोर काढून डाव्यात बसवला. तो १९८९ पर्यंत खेळला. पुढे पुढे टाकलेला प्रत्येक चेंडू मोजायची पद्धत आली. २००७ पासून तिथल्या लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या स्पर्धेत, अकरा-बारा वर्षांच्या पोराला दिवसाला ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकता येत नाहीत, आणि आता ६६ किंवा त्याहून जास्त टाकले की पुढचे चार दिवस पिचिंगपासून विश्रांती सक्तीची. मॅनेजरच्या मनावर काही ठेवलेलेच नाही.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये हे भान आले ते बरेच नंतर. रमाकांत देसाई हा चणीने लहानखुरा वेगवान गोलंदाज १९५९ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्यांदा कसोटी खेळला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्याच्याकडून एका डावात ४९ षटके टाकून घेतली. पेपरांनी त्याच्या जिद्दीचे कौतुक केले.

बाळूंना कसोटी लाभलीच नाही. हिंदुस्थान पहिली कसोटी खेळला तो १९३२ मध्ये, तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, एवढी त्यांची नोंद पुस्तकात राहिली. त्याच १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ मध्ये मुंबईत काँग्रेसतर्फे ते डॉ. आंबेडकरांच्याच विरुद्ध निवडणुकीला उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. त्यांना उभे करणाऱ्यांनी इथेही एक भरवशाचा हातच वापरला का, हा प्रश्न मला पडतो. पण राजकारणातले माझे ज्ञान बैलांइतकेच. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला खेळाडूही होते आणि पुढारीही.

त्यांच्या आयुष्यातला एक दिवस पाहायला मिळाला असता तर मी १९२० मधला मागितला असता. इतकी वर्षे सर्वांत जास्त षटके टाकणाऱ्याला हिंदू संघाचे कप्तानपद कधी दिले गेले नव्हते. त्या वर्षी तर बाळूंना संघातूनच वगळले, आणि कप्तान एम. डी. पै आजारी असताना नेतृत्व विठ्ठलला न देता दि. ब. देवधरांना दिले. देवधर मोठे खेळाडू, प्रश्न त्यांचा नव्हता. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. गावात बोलबाला झाला. पारशांविरुद्धच्या पुढच्या सामन्यात दोघे भाऊ परत आले, बाळूंनाही बोलावले आणि उपकप्तान केले. तीन वर्षांनी विठ्ठल पुरता कप्तान झाला, पण ती पुढची गोष्ट. त्या दिवशी पै खेळ चालू असताना मैदानातून बाहेर गेले, मुद्दाम गेले, आणि संघ बाळूंच्या हाती आला. वय ४४. दोन्ही टोकांकडून कोणी चेंडू टाकायचा, आणि कोणाच्या हातून तो काढून घ्यायचा, हे त्या दुपारी बाळू ठरवत होते.