हेन्री जॉन्सन : अंगावर एकवीस जखमा, कागदावर एकही नाही

अमेरिकेच्या लष्कराने कृष्णवर्णीयांचे रक्त घेतले, पण त्याची नोंद ठेवली नाही. सार्जंट हेन्री जॉन्सन यांचे आयुष्य हा त्याचा धडधडीत पुरावा आहे.

उत्तर कॅरोलिनात जन्मलेले जॉन्सन न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करीत. जून १९१७ मध्ये ते हार्लेमच्या पंधराव्या न्यूयॉर्क रेजिमेंटमध्ये भरती झाले. याच हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकत होते, हे आमच्या वाचकांना ठाऊकच आहे.

फ्रान्समध्ये या पलटणीला आधी बोटींतला माल उतरवायला आणि रूळ टाकायला लावले. काळ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढण्याची गोऱ्या अमेरिकनांची तयारी नव्हती. शेवटी ३६९ वी इन्फन्ट्री म्हणून ती फ्रेंचांच्या हवाली झाली. फ्रेंचांना माणसे हवी होती. त्यांनी रंग पाहिला नाही, रायफली दिल्या.

१५ मे १९१८ च्या पहाटेपूर्वी आर्गोनच्या जंगलात जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर असताना किमान बारा जर्मन चालून आले. रॉबर्ट्स जबर जखमी झाले. जॉन्सन यांनी हातबॉम्ब फेकले, मग रायफल चालवली. ती अडकली तेव्हा दस्त्याने झोडपले. जर्मन रॉबर्ट्सना कैद करून ओढून नेऊ लागले, तसे जॉन्सन बोलो सुरा घेऊन तुटून पडले. सोबती सुटला, शत्रू पळाला. जॉन्सन यांच्या अंगावर एकवीस जखमा होत्या. फ्रान्सने दोघांनाही 'क्रुआ द गेर' दिले. हा मान मिळालेल्या पहिल्या अमेरिकन सैनिकांत ते होते.

फेब्रुवारी १९१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पलटणीची मिरवणूक निघाली, जॉन्सन उघड्या मोटारीत होते. भरतीसाठी लष्कराने त्यांचे चित्र वापरले. मात्र सैन्यातून सोडल्याच्या कागदात जखमांचा उल्लेखच नव्हता! आम्ही वकिलीत रोज पाहतो, कागदावर नसलेली जखम सरकारच्या लेखी जखमच नसते. पाय निकामी झाल्याने जुनी हमाली जमेना. सेंट लुईसच्या सभेत त्यांनी गोऱ्या सैनिकांच्या वर्णद्वेषावर बोट ठेवले, आणि व्याख्यानांची निमंत्रणे आटली. जुलै १९२९ मध्ये, चाळिशीही न गाठता ते गेले. त्यांना बेवारसांच्या दफनभूमीत पुरले अशी समजूत होती. ते आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत आहेत हे २००२ मध्ये उघड झाले.

मायदेशाचे पहिले पदक, पर्पल हार्ट, १९९६ मध्ये आले. सर्वोच्च मेडल ऑफ ऑनरला कायद्याची मुदत आडवी आली. जनरल पर्शिंग यांचे १९१८ मधील टिपण दफ्तरात सापडले, काँग्रेसने मुदतीतून सूट दिली आणि २ जून २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ते प्रदान केले. म्हणजे लढाईनंतर ९७ वर्षांनी.

२०२३ मध्ये लुइझियानातील फोर्ट पोल्क या लष्करी तळावरून गुलामगिरीसाठी लढलेल्या सेनापतीचे नाव काढून जॉन्सन यांचे देण्यात आले. २०२५ मध्ये तेही पुसले गेले. तळ पुन्हा फोर्ट पोल्क झाला. पोल्क मात्र दुसरे, असा सरकारचा खुलासा आहे.