रानफुलांत रमलेले फादर

पावसाळ्यात आपण सहलीसाठी खंडाळ्याला जातो. तिथल्या रानफुलांची शास्त्रशुद्ध नोंद एका येशूसंघीय धर्मगुरूंनी करून ठेवली आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

फा. हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा जन्म १९०३ साली स्पेनमध्ये झाला. १९२८ साली ते भारतात आले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. खंडाळ्याचे डोंगर त्यांनी वर्षानुवर्षे पालथे घातले आणि १९५३ साली तिथल्या वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सात वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीवर त्यांनी लेखन केले. आमरी म्हणजे ऑर्किड. मुंबई इलाख्यातील आमरींवर त्यांनी कपाडिया यांच्यासह पुस्तक लिहिले, ते १९६६ साली निघाले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला.

रानातली फुले निरखा, असे प्रभू येशूने आपल्याला सांगितले. फादरांनी ते आयुष्यभर केले. आपण मात्र फांदीवरची सीतेची वेणी मुळासकट ओरबाडून घरी आणतो. सालीला घट्ट धरलेली तिची मुळे तुटतात आणि ती बहुधा जगत नाही. यंदा घाटात गेल्यावर फुले डोळे भरून पाहू या, त्यांची नावे मुलांना सांगू या आणि ती देवाच्या बागेत तशीच राहू देऊ या.