रिमोटचं विमान उडवताय? मग टेस्लांची ही बोट माहीत हवी!

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाची गोष्ट सुरू होते एका बोटीपासून. निकोला टेस्ला यांचा जन्म १८५६ मध्ये आजच्या क्रोएशियात झाला. १८८४ मध्ये ते अमेरिकेत आले. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी पाण्याच्या टाकीत छोटी बोट चालवून दाखवली, तीही वायरशिवाय! बोटीत बॅटरी, रेडिओलहरी पकडणारा रिसीव्हर आणि सुकाणू फिरवणारी मोटर होती. लोकांना ही जादूच वाटली.

त्याच वर्षी पेटंट मिळालं, पण अमेरिकी लष्कराने रस दाखवला नाही. दुसऱ्याच्या सिग्नलने यंत्र भरकटू नये, म्हणून टेस्लांनी एकाच वेळी दोन फ्रिक्वेन्सी वापरण्याची युक्तीही शोधली. १९४३ मध्ये हॉटेलच्या खोलीत एकटे असताना त्यांचं निधन झालं.

आज उड्डाणाआधी ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांशी 'बाइंड' करतात, त्यामागे हीच काळजी आहे.