बाटलीवरची विधवा

मैत्रिणींनो, गेल्या डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. ती तिथं नोकरी करते, तीन मैत्रिणींसोबत फ्लॅटमध्ये राहते. एकतीस डिसेंबरला बाहेर कुठं न जाता घरीच जेवायचा बेत होता. इथपर्यंत ठीक होतं. मग जरा अडखळत म्हणाली, की आम्ही थोडी पांढरी वाईन आणि एखादी फेसाळणारी बाटली आणणार आहोत, परवडेल अशी, तुला चालेल ना?

खरं सांगू का, माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. बाभुळगाव तालुक्यातल्या गावागावांत बचत गटाच्या बायांसोबत मी दारूच्या गुत्त्यांविरुद्ध फिरलेली बाई. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी, गडचिरोलीत 1993 पासून, आमच्या यवतमाळात का नाही म्हणून निवेदनं देणारी. आणि माझीच पोर मला वाईनचं विचारते! दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं मला गुंडाळायला एक गोष्ट सांगितली. जगातल्या महागड्या शॅम्पेनपैकी एकीच्या बाटलीवर विधवा असं लिहिलेलं असतं म्हणे. फ्रेंच भाषेत विधवेला व्हव म्हणतात आणि त्या बाटलीचं नाव आहे व्हव क्लिको, म्हणजे विधवा क्लिको. माझा राग तिथंच अडला. आपल्याकडे विधवेच्या हातून हळदीकुंकू घेत नाहीत, मुलाच्या लग्नात तिला मागं उभं करतात, आणि तिकडे लोक सणासुदीला, लग्नाकार्यात विधवेच्या नावाची बाटली उघडतात? मग मी मिळेल ते वाचत गेले. त्या बाईनं मला पुरतं धरून ठेवलं.

तिचं माहेरचं नाव बार्ब निकोल पोन्सार्दाँ. जन्म 16 डिसेंबर 1777, फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या रँस या गावी. वडील कापडाचे मोठे कारखानदार. आपल्या यवतमाळची ओळख कापसाची, तशी रँसची ओळख लोकरीच्या कापडाची. ती अकरा-बारा वर्षांची असताना फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. श्रीमंतांची डोकी उडू लागली. वडील मोठे धोरणी, वारं बघून क्रांतिवाल्यांत सामील झाले आणि घर वाचवलं. पुढं नेपोलियन आला तेव्हा त्याच्याशीही जमवून घेतलं. तो सम्राट त्यांच्या वाड्यात मुक्कामाला उतरला होता, त्यानं त्यांना सरदारकीचा किताब दिला. अशा माणसाच्या हाताखाली ही मुलगी वाढली. व्यवहार तिच्या कानावर लहानपणापासून पडत असणार.

1798 मध्ये तिचं लग्न फ्रान्स्वा क्लिकोशी झालं. तेही कापडवाल्यांचंच घर. सासऱ्यांनी 1772 मध्ये वाईनचा छोटासा जोडधंदा सुरू केला होता. नवऱ्याला मात्र कापडापेक्षा वाईनचाच नाद. तो गावोगाव, देशोदेशी ऑर्डरी मिळवायला फिरायचा. पुढच्याच वर्षी मुलगी झाली, तिचं नाव क्लेमाँतिन. धंदा काही फार चालत नव्हता. युरोपभर लढाया, रस्ते बंद, बंदरं बंद. आणि 1805 च्या ऑक्टोबरात फ्रान्स्वा तापानं गेला. कर्ज आणि मंदी यांना कंटाळून त्यानं जीव दिला, अशीही कुजबुज गावात झाली.

ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, पोर सहा वर्षांची.

मैत्रिणींनो, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या जिल्ह्यात हे वाक्य नवं नाही. कर्ज, नापिकी, रात्रीतून गेलेला माणूस, मागं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई आणि शाळेत जाणारं लेकरू. त्यानंतर तेराव्यालाच घरात बैठक बसते आणि शेताचं काय करायचं ते ठरतं. त्या बैठकीत बाईला कुणी काही विचारत नाही.

रँसमध्येही बैठक बसलीच. सासऱ्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता, त्यांचं मन उडालं. वाईनचा धंदा बंद करायचा असं त्यांनी ठरवलं. इथं बार्ब निकोल बोलली. धंदा मला चालवू द्या, माझ्या हिश्श्याचे पैसे मी त्यात घालते, तुम्हीही घाला. सासऱ्यांनी तिला वेड्यात काढलं नाही. आधी धंदा शिकून घे, अशी अट घातली आणि हो म्हटलं. अलेक्सांद्र फूर्नो नावाच्या जाणत्या वाईनवाल्याशी चार वर्षांची भागीदारी झाली. त्याच्या हाताखाली ती द्राक्षमळ्यात, तळघरात, हिशेबाच्या वह्यांत उतरली.

मला इथं आपल्या अहिल्याबाई होळकर आठवल्या. त्यांचे पती 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिलं नाही, उलट कारभारात घेतलं. पुढं 1767 पासून त्यांनी राज्य सांभाळलं ते 1795 पर्यंत. दोन्हीकडे बाई कर्तबगार होतीच, पण दोन्हीकडे एक सासराही होता. हे मी सासरेबुवांसाठी मुद्दाम लिहिते आहे. पुरवणी चहाबरोबर तेही वाचतात, मला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट मला चटका लावून गेली. 1804 मध्ये नेपोलियननं नवा कायदा आणला. त्यात लग्न झालेल्या बाईनं नवऱ्याच्या आज्ञेत राहायचं, त्याच्या परवानगीशिवाय करार करायचा नाही, धंदा करायचा नाही. अल्पवयीन कुमारिका बापाच्या मुठीत. विधवा मात्र स्वतःच्या सहीनं व्यवहार करू शकत होती. म्हणजे त्या काळी बाईला मोकळीक मिळायची ती कुंकू पुसल्यावर! बार्ब निकोलनं पुन्हा लग्न केलं नाही. तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक, पण लग्न केलं असतं तर धंद्याची किल्ली नव्या नवऱ्याच्या कमरेला गेली असती, एवढं नक्की.

चार वर्षांनी भागीदारी संपली. नफा म्हणावा असा नव्हताच. फूर्नो बाजूला झाला. ती पुन्हा सासऱ्यांकडे गेली, पुन्हा मदत मिळाली, आणि 1810 मध्ये तिनं कंपनीला सरळ स्वतःचं नाव दिलं, विधवा क्लिको पोन्सार्दाँ. आपण जो शब्द तोंडातून काढायला कचरतो, तो तिनं पाटीवर लिहिला.

आता थोडं तिच्या कामाबद्दल, कारण तिचं खरं मोठेपण तिथं आहे. साधी पांढरी वाईन बाटलीत भरून त्यात थोडी साखर आणि यीस्ट, म्हणजे आपण पावाला घालतो ते खमीर, घालतात. मग बाटलीच्या आत पुन्हा आंबण्याची क्रिया होते, वायू तयार होतो आणि तोच फेस. पण खमीर मरून गाळ होऊन तळाशी बसतो आणि वाईन गढूळ दिसते. ती स्वच्छ करायला एका बाटलीतून दुसरीत ओतावी तर फेस जातो. शिवाय बाटल्या दाबानं फुटायच्या, एक फुटली की शेजारच्याही. तळघरात कामगार तोंडाला लोखंडी जाळी बांधून फिरायचे.

तिनं काय केलं असेल? म्हणतात, की स्वयंपाकघरातलं टेबल तळघरात नेलं आणि त्याला भोकं पाडून घेतली. बाटल्या त्यात मान खाली करून ठेवल्या. रोज प्रत्येक बाटली थोडीशी फिरवायची, हळूहळू उभी करत न्यायची. काही आठवड्यांत सगळा गाळ बुचापाशी जमतो. बूच काढलं की गाळ फुर्रकन बाहेर, वाईन आत तशीच, चकचकीत. थोडी भर घालून पुन्हा बूच. हे 1816 च्या सुमाराचं. तिचा तळघर सांभाळणारा अंत्वान म्युलर यानं यात मोठा हातभार लावला. टेबलाची गोष्ट किती खरी कोण जाणे, पण मला ती पटते. घरातलीच वस्तू अडचणीला कामी लावणं हे बाईचं डोकं!

आणि तिचं धाडस? 1814 मध्ये नेपोलियन हरत आला होता, रशियन सैन्य रँसमध्ये घुसलं. सैनिक तिची वाईन पिऊ लागले. दुसरी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. हिनं हिशेब केला, की आज ज्यांना चव लागली ते उद्या घरी गेल्यावर मागतील. नेपोलियनची गादी गेली, पण समुद्र अजून पुरता मोकळा झाला नव्हता. बाकीचे व्यापारी वाट बघत बसले. हिनं लुई बोन या आपल्या फिरत्या विक्रेत्याला हाताशी धरून एक डच जहाज गुपचूप ठरवलं. त्यात 1811 च्या उत्तम हंगामाच्या दहा हजारांहून जास्त बाटल्या भरल्या आणि जूनमध्ये क्योनिग्सबर्ग बंदराकडे रवाना केल्या. जहाज पकडलं गेलं असतं, उन्हानं बाटल्या फुटल्या असत्या, तर ती कायमची बुडाली असती. जहाज पोहोचलं. माल हातोहात गेला, पुढं सेंट पीटर्सबर्गपर्यंत तिचं नाव झालं. बाकीचे जागे होईपर्यंत रशियाची बाजारपेठ हिच्या पदरात पडली होती.

सगळंच सोन्याचं नव्हतं, तेही सांगते. मुलीचं लग्न 1817 मध्ये एका उधळ्या सरदाराशी लावून दिलं आणि जावयाची कर्जं सासूनं आयुष्यभर फेडली. मुलीला धंद्यात कधी घेतलंच नाही, हे मला खटकतं. स्वतः एवढी शिकली आणि लेकीला नुसती सरदारीण केली. 1828 मध्ये पैशांची मोठी ओढाताण झाली, तेव्हा एदुआर्द व्हर्ले या जर्मन कारकुनानं सावरलं. पुढं 1831 मध्ये तिनं त्याला भागीदार केलं आणि 1841 मध्ये कारभार सोपवून बाजूला झाली. शेवटची वर्षं बूर्सोच्या वाड्यात गेली. लेक क्लेमाँतिन तिच्याआधीच, 1863 मध्ये गेली. ती स्वतः 29 जुलै 1866 ला वारली, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन. कंपनी तेव्हा लाखांनी बाटल्या विकत होती.

तर माझ्या लेकीच्या एकतीस डिसेंबरचं काय झालं ते राहिलंच. विधवा क्लिकोची बाटली पोरींना परवडणारी नव्हतीच. पण तिच्या पद्धतीची फेसाळ वाईन आता आपल्या महाराष्ट्रातही होते. ऐंशीच्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंचांच्या मदतीनं सुरुवात केली, 2000 मध्ये नाशिकच्या सुलाच्या पांढऱ्या वाईन आल्या. 2013 पासून दिंडोरीची शाँदों मिळते आणि गंमत म्हणजे ती आणि विधवा क्लिको आज एकाच मालकाच्या आहेत. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात झालेलीलाच शॅम्पेन म्हणायचं, आपली ती स्पार्कलिंग वाईन. किंमत फ्रेंच बाटलीच्या कितीतरी कमी.

पोरीनं मला फोनवर सगळं समजावलं. बाटलीवर ब्रुट असेल तर ती कोरडी, साखर लिटरला बारा ग्रॅमहून कमी. चिवडा, भजी, तळणासोबत तीच बरी. करंजी-लाडवासोबत मात्र ती आंबट ढाण लागते, तिथं गोडसर डेमी-सेक. जेवणाला, विशेषतः तिखट रश्शाला, शेनिन ब्लाँ ही थोडी गोडसर पांढरी. सोव्हिन्यों ब्लाँला कैरीसारखा वास. स्वस्तातली पांढरी वाईन जपून ठेवायची नसते, वर्ष बघून ताजी घ्यायची, चांगली गार करायची. फेसाळ बाटली हलवायची नाही. बूच हातात घट्ट धरून बाटली फिरवायची, नाहीतर आतल्या दाबानं बूच डोळ्यात जातं. उघडली की त्याच दिवशी संपवायची, म्हणून चौघींत एकच आणली. मी तिला माझंही सांगितलं. बारा टक्के अल्कोहोल म्हणजे सरबत नव्हे, आणि पिऊन गाडीला हात लावायचा नाही. मी स्वतः चव घेतलेली नाही, घेणारही नाही. गुत्त्याविरुद्धचं माझं म्हणणं बदललेलं नाही. पण लेक विचारून करते, लपवून नाही, हे मला आता बरं वाटतं.

संक्रांतीला आमच्या गटाचं हळदीकुंकू असतं. आम्ही त्यात सगळ्याच बायांना बोलावतो. 2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हापासून आमचाही धीर वाढलाय. यंदा मी तिळगुळासोबत ही गोष्ट सांगितली. काही जणी दारूवालीची गोष्ट म्हणून हसल्या. एक जण मात्र अगदी मन लावून ऐकत होती. तिचा नवरा दीड वर्षापूर्वी गेला, चार एकर कोरडवाहू, मुलगा तिसरीत. कापूस तीच लावते, तीच वेचते, विकायला मात्र दीर जातो. सगळ्या उठून गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि एकच विचारलं, की त्या सासऱ्यानं हो म्हटलं तेव्हा कागद केला होता का.

केला होता, मी म्हटलं. भागीदारीचा करारच झाला होता, तिच्या सहीचा.

तिच्या सातबाऱ्यावर अजून वारस नोंद झालेली नाही. सोमवारी मृत्यूचा दाखला आणि आधार कार्ड घेऊन आम्ही दोघी तलाठ्याकडे जातो आहोत. तिच्या सासऱ्यांनाही सोबत या म्हणून निरोप धाडलाय.