विश्लेषण : ८०० मीटर शर्यत महिलांसाठी ३२ वर्षे का बंद होती? पहिल्या शर्यतीतील रौप्यविजेती किनुए हितोमी कोण होती?

केनियाच्या बिअ‍ॅट्रिस चेबेटने ५ जुलै २०२५ रोजी अमेरिकेतील युजीन येथे ५,००० मीटर शर्यत १३ मिनिटे ५८.०६ सेकंदांत पूर्ण केली. हे अंतर १४ मिनिटांच्या आत धावणारी ती पहिली महिला ठरली. त्याच दिवशी त्याच मैदानावर तिची सहकारी फेथ किपयेगॉन हिने १,५०० मीटरमधील स्वतःचाच विश्वविक्रम ३ मिनिटे ४८.६८ सेकंदांवर आणला. महिलांच्या मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावण्याचा दर्जा आज या उंचीवर आहे. मात्र, एके काळी ८०० मीटर धावणेही स्त्रीच्या शरीराला झेपणारे नाही, असे ठरवून ती शर्यत ऑलिम्पिकमधून काढून टाकण्यात आली होती. त्या निर्णयाला कारण ठरलेल्या शर्यतीत जपानची किनुए हितोमी दुसरी आली होती. अवघे २४ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या धावपटूची ही कहाणी.

किनुए हितोमी कोण होती?

किनुए हितोमीचा जन्म १ जानेवारी १९०७ रोजी जपानमधील ओकायामा प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात झाला. मुलींच्या शाळेत शिकताना तिला टेनिसची गोडी लागली. मैदानी खेळांकडे ती वळली ती १९२३ मध्ये. प्रांतीय स्पर्धेत तिने ४.६७ मीटर लांब उडी मारली. जपानमधील महिलांसाठी ती त्या वेळची सर्वोत्तम उडी होती. पुढच्याच वर्षी ती टोकियोतील निकाइदो यांच्या शारीरिक शिक्षण संस्थेत दाखल झाली. महिलांना व्यायाम आणि खेळ शिकवण्यासाठी सुरू झालेली ही संस्था तेव्हा अगदी नवी होती.

हितोमीची उंची सुमारे १७० सेंटीमीटर होती. त्या काळातील जपानी स्त्रियांच्या तुलनेत ती खूपच उंच. मैदानात या उंचीचा फायदा होत असला, तरी मैदानाबाहेर तीच टीकेचे निमित्त ठरली. आखूड चड्डी घालून धावणारी मुलगी ही कल्पनाच तेव्हाच्या समाजाला रुचणारी नव्हती. ती बाई आहे की पुरुष, अशी कुजबुजही होत असे. तरीही तिने खेळ सोडला नाही. १९२६ मध्ये ती ‘ओसाका माइनिची’ या वृत्तपत्रात पत्रकार म्हणून रुजू झाली. नोकरी सांभाळून सराव करायचा आणि खेळाविषयी लिहायचेही, असा तिचा दिनक्रम सुरू झाला.

ऑलिम्पिकआधी तिची ओळख कशी झाली?

त्या काळी ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी मैदानी खेळच नव्हते. फ्रान्सच्या अ‍ॅलिस मिलिया यांनी १९२१ मध्ये महिला खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली आणि १९२२ मध्ये पॅरिसमध्ये महिलांसाठी स्वतंत्र ऑलिम्पिक भरवले. ‘ऑलिम्पिक’ या शब्दाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने हरकत घेतल्यावर स्पर्धेचे नाव बदलून ‘महिला जागतिक क्रीडा स्पर्धा’ असे करण्यात आले.

या नावाने झालेली पहिली स्पर्धा ऑगस्ट १९२६ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पार पडली. जपानकडून एकटी हितोमी गेली. सायबेरियातून रेल्वेने लांबचा प्रवास करून ती युरोपात पोहोचली. लांब उडीत तिने ५.५० मीटरच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. जागेवरून मारायच्या लांब उडीतही तिला सुवर्ण मिळाले. थाळीफेकीत ती दुसरी, तर १०० यार्ड शर्यतीत तिसरी आली. वैयक्तिक गुणांमध्ये ती सर्वांत पुढे होती. तेव्हा ती १९ वर्षांची होती.

तिने ८०० मीटर शर्यत का निवडली?

मिलिया यांच्या स्पर्धांना मिळणारा प्रतिसाद पाहून १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांना मैदानी खेळांची दारे उघडण्यात आली. पण अर्धवटच. १०० मीटर, ८०० मीटर, ४ बाय १०० मीटर रिले, उंच उडी आणि थाळीफेक एवढ्या पाचच प्रकारांना मान्यता मिळाली. प्रकार इतके कमी ठेवल्याच्या निषेधार्थ ब्रिटनच्या महिला धावपटूंनी या स्पर्धेवर बहिष्कार टाकला.

याचा मोठा फटका हितोमीला बसला. मे १९२८ मध्ये ओसाका येथे तिने लांब उडीत ५.९८ मीटरचा विश्वविक्रम केला होता. मात्र, अ‍ॅमस्टरडॅममध्ये महिलांची लांब उडीच नव्हती. त्यामुळे पदकाची सारी आशा १०० मीटरवर होती. या शर्यतीतही तिच्या नावावर १२.२ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ होती. ऑलिम्पिकमध्ये उतरणारी ती जपानची पहिली महिला आणि त्या वर्षीच्या जपानी पथकातील एकमेव महिला खेळाडू होती. साहजिकच तिच्याकडून अपेक्षाही तेवढ्याच होत्या.

पण १०० मीटरच्या उपांत्य फेरीतच तिचे आव्हान संपुष्टात आले. रिकाम्या हाताने परतणे तिला मान्य नव्हते. तिने ८०० मीटर शर्यतीत उतरायचे ठरवले. हे अंतर ती त्यापूर्वी कोणत्याही स्पर्धेत धावली नव्हती. वेगवान धावपटूने ऐन ऑलिम्पिकमध्ये अचानक मध्यम पल्ल्याची शर्यत धावणे हा मोठा धोका होता. पहिले काही मीटर जोरात धावले की पुढे दम तुटतो. हळू धावले की पुढच्या धावपटू हाताला लागत नाहीत. हे गणित तिला थेट ऑलिम्पिकच्या मैदानावर सोडवायचे होते.

२ ऑगस्ट १९२८ रोजी नेमके काय घडले?

अंतिम फेरीत नऊ धावपटू होत्या. जर्मनीची लीना राडके ही विश्वविक्रमवीर सर्वांत मोठी दावेदार होती. स्वीडनची इंगा जेंत्झेल आणि कॅनडाच्या धावपटूही तयारीनिशी उतरल्या होत्या. हितोमी सुरुवातीला मागे राहिली. दुसऱ्या फेरीत मात्र तिने वेग वाढवला आणि एकेकीला मागे टाकत ती पुढे सरकली. राडकेने २ मिनिटे १६.८ सेकंदांत शर्यत जिंकली. हितोमीने २ मिनिटे १७.६ सेकंदांत रौप्यपदक मिळवले. जेंत्झेल तिच्यापेक्षा ०.२ सेकंदांनी मागे राहिली.

या शर्यतीआधीचा विश्वविक्रम राडकेच्याच नावावर २ मिनिटे १९.६ सेकंद असा होता. म्हणजे पहिल्या तिघींनीही जुना विश्वविक्रम मोडला होता. या ऑलिम्पिकपूर्वी हे अंतर कधीही स्पर्धेत न धावलेल्या हितोमीने तो दोन सेकंदांनी मागे टाकला होता. योगायोगाने त्याच दिवशी मिकिओ ओदाने तिहेरी उडीत सुवर्णपदक जिंकले. जपानचे ते पहिलेच ऑलिम्पिक सुवर्णपदक. जपानी महिलेचे पहिले ऑलिम्पिक पदकही त्याच दिवशी आले.

मग शर्यत बंद का झाली?

शर्यत संपल्यावर हितोमीसह काही धावपटू दमून मैदानावर कोसळल्या. जिवाच्या आकांताने ८०० मीटर धावल्यानंतर असे होणे नवे नाही. पुरुष धावपटूही अंतिम रेषा ओलांडल्यावर आडवे होतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. पण महिलांच्या बाबतीत त्याचा वेगळाच अर्थ लावण्यात आला. युरोप-अमेरिकेतील काही वृत्तपत्रांनी अतिरंजित वर्णने छापली. शर्यतीत ११ जणी होत्या, त्यातील पाच जणींनी मध्येच शर्यत सोडली, इतर कोसळल्या, असेही लिहिले गेले. प्रत्यक्षात धावलेल्या नऊच होत्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली होती. तीन जणी आधीच्या विश्वविक्रमापेक्षा वेगाने धावल्या, ही खरी बातमी मात्र मागे पडली.

महिलांच्या सहभागालाच विरोध असलेल्या पदाधिकाऱ्यांना हे आयते निमित्त मिळाले. आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने महिलांचे मैदानी प्रकार कायम ठेवले, पण ८०० मीटर शर्यत वगळली. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून महिलांसाठी सर्वांत लांब वैयक्तिक शर्यत १०० मीटरची राहिली. १९४८ मध्ये २०० मीटरची भर पडली. ८०० मीटर शर्यत परतली ती थेट १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये, तब्बल ३२ वर्षांनी.

हितोमीचे पुढे काय झाले?

अ‍ॅमस्टरडॅमहून परतल्यावरही हितोमी थांबली नाही. १९२९ मध्ये तिने २०० मीटरमध्ये २४.७ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ नोंदवली. आता तिला एकटीने परदेशी जायचे नव्हते. १९३० मध्ये प्राग येथे होणाऱ्या महिला जागतिक क्रीडा स्पर्धेसाठी तिने तरुण मुलींचा संघ न्यायचे ठरवले. पैशांची सोय करण्यासाठी तिने स्वतः फिरून देणग्या जमवल्या. त्यात जपानभरातील मुलींच्या शाळांमधून आलेल्या छोट्या रकमांचा मोठा वाटा होता. नोकरी, सराव, संघाची जबाबदारी आणि निधीसंकलन हे सारे एकाच वेळी सुरू होते.

प्रागमध्ये तिने लांब उडीचे सुवर्णपदक राखले. तीन प्रकारांच्या ट्रायथलॉनमध्ये रौप्य, तर ६० मीटर आणि भालाफेकीत कांस्यपदक मिळवले. त्यानंतर विश्रांती न घेता संघ युरोपातील इतर शहरांमध्ये सामने खेळत राहिला. मायदेशी परतल्यावर देणगीदारांचे आभार मानण्यासाठी दौरे आणि व्याख्याने सुरू झाली. या धावपळीत शरीर थकत गेले. मार्च १९३१ मध्ये फुप्फुसाच्या आवरणाला सूज आल्याने तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. पुढे न्यूमोनिया झाला. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या त्या काळात या आजारावर खात्रीचा उपाय नव्हता. २ ऑगस्ट १९३१ रोजी ओसाका येथे तिचे निधन झाले. अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या शर्यतीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. तिने जिथे शेवटचे जागतिक सुवर्ण जिंकले, त्या प्रागमधील ओल्शानी स्मशानभूमीत तिच्या स्मरणार्थ शिळा उभारण्यात आली.

बंदीचा दर्जावर काय परिणाम झाला?

आकडे पाहिले की परिणाम लक्षात येतो. १९२८ मध्ये राडकेची विजयी वेळ होती २ मिनिटे १६.८ सेकंद. १९६० मध्ये सोव्हिएत संघाच्या ल्युडमिला शेवत्सोवाने २ मिनिटे ४.३ सेकंदांत सुवर्ण जिंकले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, टोकियोमध्ये ब्रिटनच्या अ‍ॅन पॅकरची वेळ होती २ मिनिटे १.१ सेकंद. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीच्या हिल्डेगार्ड फाल्कने दोन मिनिटांच्या आत, १ मिनिट ५८.५५ सेकंदांत ही शर्यत जिंकली. म्हणजे दार उघडल्यावर १२ वर्षांत विजयी वेळ जवळपास सहा सेकंदांनी खाली आली. सिंथेटिक ट्रॅक, शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, आहार आणि पादत्राणे यांचा त्यात वाटा आहेच. पण शर्यतच नसेल, तर तिच्यासाठी प्रशिक्षण कोण देणार आणि पैसे कोण खर्च करणार, हा मूळ प्रश्न आहे.

लांबच्या शर्यतींची दारे तर आणखी उशिरा उघडली. महिलांची १,५०० मीटर शर्यत ऑलिम्पिकमध्ये १९७२ मध्ये आली. मॅरेथॉन आणि ३,००० मीटर १९८४ मध्ये, १०,००० मीटर १९८८ मध्ये, तर ५,००० मीटर १९९६ मध्ये. ३,००० मीटर स्टीपलचेससाठी २००८ उजाडले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला, तो याच शर्यतीत.

जी शर्यत उशिरा सुरू झाली, तिच्यातील सुधारणाही उशिरापर्यंत सुरू राहिली. ५,००० मीटरमधील महिलांचा पहिला अधिकृत विश्वविक्रम १९८१ मध्ये ब्रिटनच्या पॉला फजच्या नावावर नोंदवला गेला. वेळ होती १५ मिनिटे १४.५१ सेकंद. चेबेटची वेळ त्यापेक्षा ७६ सेकंदांहून अधिक कमी आहे. हे अंतर ४४ वर्षांत कापले गेले आहे. इतक्या कमी काळात माणसाचे शरीर बदलत नाही. बदलल्या त्या संधी, आणि त्या संधीसाठी मैदानावर येणाऱ्या मुलींची संख्या.

जपानला दुसरे पदक कधी मिळाले?

हितोमीनंतर जपानच्या महिलांना अ‍ॅथलेटिक्समधील ऑलिम्पिक पदकासाठी ६४ वर्षे वाट पाहावी लागली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये युको अरिमोरी मॅरेथॉनमध्ये दुसरी आली. सुवर्णपदक तिच्यापासून केवळ आठ सेकंद दूर राहिले. अरिमोरीही ओकायामाचीच. ती अंतिम रेषेवर पोहोचली तेव्हा बार्सिलोनात १ ऑगस्टची संध्याकाळ होती, पण जपानमध्ये २ ऑगस्ट उजाडला होता. हितोमीला ८०० मीटर धावल्यावर स्त्रीला हे झेपत नाही, असे ऐकावे लागले होते. तिच्याच गावाकडची मुलगी आता ४२ किलोमीटर धावून पदक घेऊन परतली होती.