मागापासून मोटारीपर्यंत : मिचिओ सुझुकी

यंत्रमागाची खटखट आपल्या बुऱ्हाणपुरात कोणाला नवी नाही. मारुती गाड्यांमुळे ‘सुझुकी’ हे नावही सर्वांच्या परिचयाचे आहे. पण हे नाव प्रथम मोटारीवर नव्हे, तर मागाच्या कारखान्यावर लागले, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

मिचिओ सुझुकी यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८८७ रोजी जपानमधील हामामात्सुजवळच्या खेड्यात झाला. हा मुलूख कापसाचा आणि विणकरांचा. चौदाव्या वर्षी ते एका सुताराकडे उमेदवारीला लागले. रशिया-जपान युद्धाच्या काळात (१९०४-०५) बांधकामे थंडावली, तेव्हा त्यांच्या गुरूंनी माग बनवायला घेतले. १९०८ मध्ये मिचिओंनी आपल्या आईसाठी पायाने चालणारा लाकडी माग तयार केला. त्याची ख्याती पसरली आणि १९०९ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. पट्ट्यांचे कापड विणणारा दोन धोट्यांचा मागही त्यांनी बनवला.

धंदा भरभराटीला आला, तरी एक चिंता होती. चांगला माग वर्षानुवर्षे टिकतो, मग गिऱ्हाईक पुन्हा कशाला येईल? म्हणून १९३७ च्या सुमारास त्यांनी इंग्लंडची छोटी ‘ऑस्टिन सेव्हन’ मोटार आणून तिचा अभ्यास सुरू केला. महायुद्धामुळे ते काम थांबले.

१९५१ मध्ये कापसाचा बाजार कोसळला. मागांना मागणी उरली नाही. तेव्हा मिचिओ ६४ वर्षांचे होते. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या कारखान्याने सायकलला जोडायचे ३६ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन बाजारात आणले. १९५५ मध्ये ‘सुझुलाइट’ ही ३६० सीसीच्या आतील टू-स्ट्रोक इंजिनाची चिमुकली मोटार निघाली.

टू-स्ट्रोकच का? नेहमीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दांडा दोनदा फिरतो, तेव्हा सिलिंडरमध्ये एकदा इंधन पेटते. टू-स्ट्रोकमध्ये ते प्रत्येक फेऱ्याला पेटते. त्यामुळे लहान इंजिनही चांगला जोर देते. शिवाय व्हॉल्व्हची यंत्रणा लागत नाही. सुटे भाग कमी, वजन कमी, किंमतही कमी. दोष एकच, पण मोठा : पेट्रोलबरोबर तेलही जळते आणि धूर होतो. पुढे याच कारणाने मोटारींतून ही इंजिने मागे पडली.

१९५७ मध्ये मिचिओंनी कारभार सोडला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांच्या कंपनीने भारतात मारुतीशी करार केला आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० त्यांना पाहता आली नाही. तिचे इंजिन फोर-स्ट्रोक होते.

मुलांनो, घरी कोणी बिघडलेला माग खोलून बसले असेल, तर जवळ जाऊन नीट पाहा. मिचिओंचे शिक्षणही अशाच मागापाशी झाले होते.